बॅटरीचं पासबुक

आम्ही राजापेठच्या बचत गटातल्या बाया. राहतो अमरावती शहरात, पण आमच्यातल्या चौघींची वावरं गावाकडे आहेत. हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरं येतात, मग जागल करावी लागते. उन्हाळ्यात संत्र्याच्या ओलितासाठी मुक्काम पडतो. वावरातल्या खोपडीत वीज नाही. एका रात्री गटातल्या काकू अंधारात उठल्या आणि त्यांच्या पायाजवळून साप गेला. तेव्हाच आम्ही ठरवलं, गटातून कर्ज काढू, पण खोपडीत सोलर लावू.

१०० वॅटचं पॅनल, १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर आणला. दुकानदार म्हणाले, "रात्रभर आरामात चालेल." आम्ही म्हटलं, वावरात नेण्याआधी घरच्या स्लॅबवर चालवून पाहू. बाई, बरं झालं पाहिलं!

आधी हिशेब मांडला. बारा गुणिले शंभर, म्हणजे बॅटरीत १२०० वॅट-तास. ९ वॅटचे दोन बल्ब आणि ५० वॅटचा टेबल पंखा मिळून खर्च ताशी ६८. म्हणजे १७ तास चालायला हवं.

संध्याकाळी सगळं चालू केलं. अधूनमधून सगळं बंद करून, थोडं थांबून मल्टीमीटर लावायचा. या बॅटरीचा आकडा भरलेली असताना १२.७ च्या आसपास असतो, निम्मी झाली की १२.१ च्या आसपास. पहिल्या रात्री सात तासही वापर झाला नाही, तर मीटर १२.१ वर आला. निम्म्याखाली नेहमी उतरवली तर ही बॅटरी लवकर मरते, म्हणून तिथंच थांबलो.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं, तरी संध्याकाळी आकडा १२.४ च्या वर गेला नाही. त्या रात्री चार तासांतच निम्मी झाली.

चूक कुठं होती? पासबुक पाहा. १२०० पैकी काढता येतात ६००. उरलेली मोडायची नाही अशी ठेव समजा. इन्व्हर्टर बॅटरीच्या करंटचा घरच्यासारखा करंट करतो, त्यात स्वतः वीज खातो. काही चालू नसलं तरी थोडी खातोच. म्हणून ६८ च्या जागी ताशी ९० च्या आसपास जात होते. आणि स्वच्छ उन्हात हे पॅनल दिवसाकाठी भरतं ४०० च्या आसपास. रोज ६०० काढायचे आणि ४०० भरायचे, तर कोणता गट टिकेल?

मग मोठी बॅटरी घेण्याऐवजी आम्ही खर्च कमी केला. १२ व्होल्टवर थेट चालणारे ५ वॅटचे दोन बल्ब आणि १५ वॅटचा पंखा घेतला. हे सगळं चार्ज कंट्रोलरवरून चालतं, इन्व्हर्टर बंद. रात्रभर एक बल्ब, चार तास दुसरा, आठ तास पंखा आणि दोन मोबाईल मिळून खर्च २२५ च्या आसपास. आता रोज शिल्लक पडते आणि ढगाळ दोन रात्रीही निघतात.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. बॅटरीच्या जवळ फ्यूज हवाच. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती चुलीपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. पाणी फक्त डिस्टिल्ड. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि त्यावरची धूळ सकाळी गार असतानाच पुसा.

घेण्याआधी दुकानदाराला "किती तास चालेल" एवढंच विचारू नका. रोज किती भरेल आणि किती काढता येईल, हेही विचारा. हा हिशेब आपल्याला येतो, दर महिन्याच्या बैठकीत आपण तोच तर करतो.

काकू आता जागलीला जातात तेव्हा दिवा पहाटेपर्यंत जळतो.