विजेची सूचना वेळेवर मिळावी म्हणून



वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी विजा पडण्याचा धोका जास्त असतो. आणि रानात माणसंही नेमकी तेव्हाच असतात. सोयाबीनची गंजी झाकायला धावत जावं, अन् वीज तिथंच गाठते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप तयार केले आहे. ते फुकट मिळते. मोबाईलमध्ये घेऊन नाव, मोबाईल नंबर, पिनकोड एवढी माहिती भरली की नोंदणी होते. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा होऊ लागल्या की सूचना मिळते. त्यासाठी लोकेशन, इंटरनेट आणि नोटिफिकेशन ही तिन्ही चालू पाहिजेत. पैकी लोकेशन लोक हटकून बंद ठेवतात, बॅटरी उतरते म्हणून!

गावभेटीत उत्तर ठरलेलं असतं, 'साहेब, पोराच्या मोबाईलमध्ये आहे की.' पोरगा शिकायला पुण्यात, फोन त्याच्या खिशात. त्याला पुण्याच्या विजा कळणार, तुमच्या शिवारातल्या कशा कळणार? तेव्हा जो फोन रानात जातो, त्याच फोनवर नोंदणी करावी.

आणखी एक समज आहे. मोबाईल वीज ओढतो म्हणून ढग आले की काही मंडळी फोन बंदच करून टाकतात. खिशातला मोबाईल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला फोन मात्र कानाला लावू नये. सूचना यायच्या वेळीच फोन बंद, मग नोंदणीचा उपयोग काय?

साध्या बटणाच्या फोनवर हे ॲप चालत नाही. खुरपणीला, काढणीला आलेल्या बहुतेक बायांकडे तोच फोन असतो, किंवा नसतोच. त्यांना कळवण्याची जबाबदारी मालकाची. सकाळीच ठरवून टाकावं, कोणी हाक मारायची अन् कुठल्या पक्क्या घरात जायचं. आंब्याखाली किंवा उघड्या छपरात नव्हे.

सूचना आली नाही तरी गडगडाट कानावर आला की काम सोडावं. विद्युत पंप, ट्रॅक्टर, तारेचं कुंपण यांपासून दूर व्हावं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नये. आडोसा गाठता आलाच नाही तर पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवं बसावं. जमिनीवर आडवं पडू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ नंबर लावायला सांगा.

ॲप घेणं जमत नसेल तर गावात येणाऱ्या कृषी खात्याच्या माणसाकडे फोन द्या, तो नोंदणी करून देईल. लोकेशन चालू आहे ना, तेवढं त्याच्याकडून बघून घ्या.