पाण्याखाली मेंदू काय करतो?

तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्यात उतरणाऱ्याची छाती धडधडते. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवला जाणारा वर्तनाचा जैविक पाया इथे प्रत्यक्ष अनुभवता येतो. मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनालिन सोडतात, श्वास उथळ होतो.

पण शरीराकडे याच्या उलट व्यवस्थाही आहे, आणि मला तीच जास्त विलक्षण वाटते. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात बुडवला, की व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती मंद करतो. सील आणि देवमाशांत ही प्रतिक्रिया फार प्रबळ असते. स्कूबा करताना मात्र श्वास कधीच रोखू नये. वर येताना फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून इजा होते.

संथ, लांब उच्छ्वासानेही नाडी मंदावते. विद्यार्थ्यांनो, मनगटावर बोट ठेवून हे आजच पडताळून पाहा.