घाटाची वाट आणि पाण्याची वाट
(शताब्दी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





दिंडी कोणी काढली, वीणा कोणाकोणाकडे होती, ते आधीच्या मंडळींनी सांगितलं. आम्ही रस्त्याचं बोलणार आहोत. कारण यंदा एक विचार पुढे आलाय. पोलादपूर ते वाई हा घाटाचा टप्पा गाडीने करायचा आणि पायी चालायला वाईपासून सुरुवात करायची. हा विचार मांडणारी पोरं आपलीच आहेत आणि काळजीपोटीच बोलतात. पण ठरवायच्या आधी तो रस्ता काय आहे, हे एकदा नीट बघू या.

आपली वारी माघाची. आषाढात आपल्याकडे लावणी चालू, पाय चिखलात. माघात भात कणगीत गेलेलं असतं आणि घाटही कोरडा असतो. पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट लागतो. सावित्रीचं खोरं मागे टाकून चढत आलं की प्रतापगडाच्या पायथ्याला वाडा कुंभरोशी. तिथलं पाणी कोयनेचं. मग मेटतळ्यावरून परत चढण, ती थेट महाबळेश्वरापर्यंत. पोलादपुरापासून तिथवर चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि उंची साडेचार हजार फूट. पुढे पाचगणी वीस किलोमीटर, आणि पसरणी घाट उतरून वाई आणखी बारा. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडायचे की घाट संपला. पुढे सुरूर, वाठार, आदर्की, फलटण, आणि तिथून माउलींच्या पालखीचाच रस्ता, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, पंढरपूर.

ही वाट डांबराच्या आधीची आहे. मूळची वाट पारघाटाची. महाड हे सावित्रीवरचं जुनं बंदर. तिथून मीठ बैलांच्या पाठीवर वर जायचं आणि घाटावरचं धान्य खाली यायचं. पारजवळ कोयनेवर दगडी पूल आहे, तो शिवकाळातला म्हणून दाखवतात. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, ती या वाटा हातात राहाव्यात म्हणून. मग मोरोपंत पिंगळ्यांच्या हातून प्रतापगड उभा राहिला. १६५९ मध्ये अफजलखान वाईहून आला तो रडतोंडीच्या घाटाने उतरला. नावच रडतोंडी! भल्याभल्यांना रडवणारी वाट, म्हणून रडतोंडी.

पुढे १८२८-२९ च्या सुमाराला इंग्रज गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण वसवलं. तिथे जायला गाडीरस्ते हवे झाले. आजचा आंबेनळीचा रस्ता १८७० नंतरच्या काळातला. एका गव्हर्नरावरून त्याला फिट्झजेराल्ड घाट म्हणायचे. साहेबाचं नाव गेलं, आंबेनळी राहिली.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आम्ही भाताची माणसं. खाचराचा बांध कसा फुटतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पाण्याला तोंड ठेवलं नाही तर कितीही चांगला घातलेला बांध एका रात्रीत जातो. घाटाचा रस्ता म्हणजे डोंगराच्या पोटावर घातलेला बांधच. महाबळेश्वरला वर जांभा, खाली काळा पाषाण. जांभा पाणी पितो, पाषाण पीत नाही. मग ते पाणी मधल्या मातीतून बाहेर यायला वाट शोधतं. रस्ता करणाऱ्यांनी त्यासाठी डोंगराच्या अंगाला गटार आणि खालून मोऱ्या ठेवल्या. मोरीचं तोंड पाचोळ्याने, दगडाने बुजलं की पाणी रस्त्यावर येतं, दरीकडची कड खातं, आणि कठड्यासकट रस्ता खाली जातो.

२२ जुलै २०२१ हा दिवस इथे कोण विसरलंय? महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी, इथे काय झालं ते सांगताना आमचा गळा दाटतो. आंबेनळी घाट जागोजाग तुटला, डोंगर रस्त्यावर आला. एवढ्या पावसापुढे नुसती मोरी साफ ठेवून भागलं असतं, असं आम्ही म्हणत नाही. आभाळच फाटलं होतं. पण साध्या पावसात कड खचते, ती मात्र पाण्याची वाट बुजल्यामुळे, हे शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसतं.

आणि इथेच आमचं म्हणणं आहे. हे दिसतं ते चालणाऱ्याला. गाडीतल्याला वळण दिसतं आणि दरी दिसते. मोरी दिसत नाही. या घाटात बस दरीत गेली आणि एकटा माणूस तेवढा वाचला, ती २०१८ सालची गोष्ट. तेव्हा गाडीत बसलं की भीती संपली, असंही नाही.

म्हणून आमची विनंती अशी. दिंडी घाटातून पायीच जावी. ज्यांचे गुडघे थकलेत त्यांनी खुशाल गाडीने यावं, पांडुरंग त्यांना काही उणं धरणार नाही. माघात स्ट्रॉबेरीचे दिवस असतात, शनिवार-रविवारी महाबळेश्वरला गाड्यांची रीघ लागते. तेव्हा दोन दिवस आधी निघावं लागलं तरी चालेल, पण घाटाचे चार मुक्काम सोमवार ते गुरुवार पडावेत. अंधारात चालू नये. पुढे एक आणि मागे एक असे दोघे लाल कापड घेऊन असावेत.

दुसरं, चालताना दोन तरुणांनी वही ठेवावी. कुठली मोरी बुजली, कुठे कठडा ढळला, कुठे रस्त्याला चीर पडली, ते लिहून दोन्ही जिल्ह्यांच्या बांधकाम खात्याला कळवावं. आणि वैशाखात, पावसाच्या आधी, खात्याला विचारून आपल्या बाजूच्या मोऱ्यांची तोंडं आपण मोकळी करावीत. फावडं, घमेलं घरोघर आहे. ही सेवाच आहे.

एक शेवटचं सांगतो. महाबळेश्वराच्या देवळात पाच नद्यांची उगमं मानतात. त्यातली सावित्री आपल्याकडे उतरते, कृष्णा वाईकडे जाते. पंढरीची चंद्रभागा म्हणजे भीमा, तीही पुढे कर्नाटकात कृष्णेलाच मिळते. आपण सावित्रीच्या खोऱ्यातून चढतो, कृष्णेच्या काठाला उतरतो आणि भीमेच्या वाळवंटात देवाला भेटतो. पाण्याने आपल्याला वाट दाखवलीये. आता पाण्याची वाट आपण राखायची. मग पुढची शंभर वर्षं आपली नातवंडं याच वाटेने टाळ वाजवत जातील.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!