आधी ऐका, मग पाना उचला

रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला भरलेला ट्रक, चाकांना लावलेले दगड आणि शेजारी डोक्याला हात लावून बसलेला क्लीनर, हे दृश्य तुम्ही एसटीच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलं असेल. 'गाडी बिघडली वाटतं,' म्हणून आपण पुढं जातो. माझं आयुष्य मात्र अशाच गाड्यांच्या पोटाखाली गेलं. आज बोलायचं आहे ते एकाच तक्रारीबद्दल : ट्रक चालूच होत नाही.

१९९६ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. पिंपळगाव बसवंतला मी नुकताच स्वतःच्या जबाबदारीवर कामं घेऊ लागलो होतो. टोमॅटोचा हंगाम जोरात होता. संध्याकाळी एक ट्रक इंदूरसाठी भरून तयार झाला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. आतून एकच आवाज आला, 'टक्'. पुढं काही नाही.

ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, ''मिस्त्री, गेल्या आठवड्यात क्लचचं काम केलं, तेव्हापासून सेल्फ जड मारतोय. दुसऱ्या गाडीनं ओढून चालू करू का?'' मी त्याचं वाक्य पुरतं ऐकलंही नाही. ''सेल्फ गेलाय,'' असं ठोकून दिलं, सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, उतरवला आणि नाशिकला दुरुस्तीला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत बसवला. किल्ली फिरवली, पुन्हा 'टक्'.

तेव्हा माझे उस्ताद आले. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, ''शेवटचं काम कुठलं झालं?'' मग गाडीखाली शिरून चासीवरून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची वायर हातानं चाचपली. तिचं टोक गरम लागत होतं. क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवताना ती सोडली होती आणि बसवताना रंग न खरवडता, बोल्ट अर्धवट आवळून लावली होती. पॉलिश पेपरनं जागा घासली, बोल्ट आवळला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. काम जेमतेम अर्ध्या तासाचं. पण तोवर तळातले क्रेट पाझरायला लागले होते. मालकानं नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून कापलं, हे मला नंतर कळलं. चूक माझी होती, पैसे त्याचे गेले.

हे असं का होतं, ते समजून घेऊ. अवजड ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट मिळवतात. इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो. समजा चारशे अँपिअर. वाटेतल्या जोडात एका ओहमचा दोनशेवा भाग इतका जरी अडथळा असला, तरी दोन व्होल्ट तिथंच खर्च होतात. दिवे, हॉर्न मात्र झकास चालतात, कारण त्यांना करंट थोडाच लागतो. म्हणून 'हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी आणि वायरी ठीक' हा हिशेब फसवा आहे.

यावर साधा उपाय म्हणजे मीटर. चांगल्या भरलेल्या दोन बॅटऱ्या मिळून साधारण पंचवीस व्होल्ट दाखवतात. सेल्फ मारताना आकडा एकोणीसच्या खाली गेला, तर आधी बॅटरीवर संशय घ्या. बॅटरी टिकली, तर मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं, तर चोर अर्थिंगमध्ये आहे. आवाजही बरंच सांगतो. 'टक-टक-टक' अशी सर लागली तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच 'टक्' आला तर जोड, सोलेनॉइड किंवा मोटर. मोटर शेवटी.

इंजिन जोरात फिरतंय, पण उचलत नाही, हा मात्र वेगळा आजार. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. म्हणून तेव्हा सायलेन्सरकडं बघावं. धूर अजिबात नसेल, तर बहुधा डिझेल पोचतच नाही. टाकी, फिल्टर, पाइपात शिरलेली हवा, या क्रमानं जा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही. जुन्या गाड्यांत हातपंप मारून हवा काढता येते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत मात्र इंजेक्टरकडं जाणारे पाइप कधीही ढिले करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि फवारा कातडीत घुसतो. तिथं स्कॅनर लावणंच शहाणपणाचं.

आणखी दोन गोष्टी. सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. मध्ये दोन मिनिटं थांबावं, नाहीतर चांगला सेल्फही जळतो. आणि गाडीखाली झोपून स्क्रू-ड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवण्याची सवय सोडा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती पुढं सरकते आणि खालच्या माणसाच्या अंगावर जाते.

तो ड्रायव्हर माझ्याकडं पुन्हा आला नाही. आज माझ्या हाताखाली पोरं शिकतात. गाडी आली, की त्यांनी आधी हात धुवायचे, ड्रायव्हरला पाणी द्यायचं आणि विचारायचं : कधीपासून, कसा आवाज, शेवटचं काम कुठलं? उत्तर पुरतं ऐकल्याशिवाय कुणी पान्याला हात लावायचा नाही. पोरं हसतात, म्हणतात, उस्ताद डॉक्टरसारखे वागतात. हसू देत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)