सोळा आणे खरे म्हणजे किती खरे?



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. मापन, मापनाची परिमाणे आणि मापनातील अनिश्चितता हे शब्द कानी पडले की शाळेतील प्रयोगवही आठवते. परंतु ज्या शहराची झोप दर पावसाळ्यात एका आकड्यावर अवलंबून असते, त्या शहराला हा विषय परका नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हा तो आकडा. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे येथील शाळकरी मूलही सांगेल. आज या एकाच आकड्याचा हात धरून आपल्याला पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जायचे आहे.

पहिला प्रश्न परिमाणाचा. नुसता 'त्रेचाळीस' हा शब्द काहीच सांगत नाही. त्रेचाळीस फूट म्हटल्यावर त्याला अर्थ येतो. आपल्या देशाने 1956 साली वजनमापांचा कायदा केला, 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले आणि ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर गेला, किलो आला. तरीही नदी आपण फुटांतच मोजतो आणि सोने तोळ्यांतच मागतो. त्यात गैर काही नाही. मात्र शब्द तोच राहून माप बदलले, की घोटाळा होतो. जुना तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा. आज गुजरीत तोळा म्हटले की 10 ग्रॅम समजतात. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या जुन्या मापाने 58 ग्रॅमांच्या वर भरतील आणि नातीच्या पाच तोळ्यांच्या 50 ग्रॅमच भरतील. कोणी कोणाला फसवले नाही. पण हिशेबात आठ ग्रॅम सोन्याचा फरक पडला!

म्हणून जगाने सर्वांना मान्य अशी परिमाणे ठरवली. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवलेल्या एका धातूच्या दंडगोलाचे वस्तुमान, असे 1889 पासून मानत. त्याच्या अधिकृत प्रतींपैकी 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. पुढे असे आढळले की मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडला आहे. आता मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? न्याय कोणी द्यायचा? ज्याला तराजू मानले, त्यालाच तोलायचे कशाने? अखेर 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गाच्याच एका न बदलणाऱ्या राशीवर बसवण्यात आली.

परिमाण ठरले तरी काम संपत नाही. दुसरा प्रश्न शून्याचा. 43 फूट म्हणजे नदीची खोली नव्हे. त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासून पाण्याची ती उंची. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. म्हणून कोणी म्हणाले, की सांगलीकर आपल्यापेक्षा दोन फुटांनी सुखी, तर ते चुकीचे होईल. पट्ट्या वेगळ्या, शून्ये वेगळी. शून्य ठाऊक नसताना दोन आकड्यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आकडा किती भरवशाचा? पाणी हलत असते, लाट पट्टीवर चढते, उतरते. एक जण वाचील 42 फूट 6 इंच, दुसरा वाचील 42 फूट 7 इंच. दोघेही प्रामाणिक. अशा वर-खाली होणाऱ्या चुकांवर उपाय सोपा आहे : पुष्कळ वेळा मोजा आणि सरासरी घ्या. कधी युक्तीही उपयोगी पडते. एक मीटर दोऱ्याचा लंबक घ्या. त्याच्या एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. घड्याळ दाबताना हाताची चूक सेकंदाचा पाचवा भाग धरली, तर ती दहा टक्के झाली. पण सलग वीस आंदोलने मोजली, तर तीच चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. घड्याळ तेच, हात तोच, पद्धत बदलली.

परंतु दुसऱ्या जातीची चूक अशी हटत नाही. तराजूचे पारडेच एका बाजूला झुकते असेल, तर हजार वेळा तोलूनही माल खोटाच भरणार. इलेक्ट्रॉनाचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनने 1913 साली आपला आकडा दिला, तेव्हा त्याने सांगितलेली अनिश्चितता सुमारे 0.2 टक्के होती. प्रत्यक्षात आकडा सुमारे 0.6 टक्क्यांनी कमी निघाला, कारण हिशेबात घेतलेला हवेच्या चिकटपणाचा आकडाच सदोष होता. रुपयात एका पैपेक्षा थोडी जास्त, एवढीच ही चूक. पण तेलाचे थेंब कितीही वेळा मोजले असते तरी ती सापडली नसती.

अशा चुकीला आधीच ओळखण्याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे चालत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विजेने चुंबकसूची बिघडणार, हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात 1904 साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. इमारतीत लोखंड टाळून बांधकाम केले. आणि शहाणपणाची गोष्ट ही, की जुनी लगेच बंद केली नाही. 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली आणि दोहोंतील फरक नोंदवला. त्यामुळेच कुलाब्याची नोंद आणि अलिबागची नोंद आज एक अखंड माळ म्हणून वाचता येते. ट्राम 1907 साली धावू लागली, तेव्हा विज्ञान तयार होते.

आता पुन्हा नदीकाठी येऊ. समजा, उद्या पाणी 42 फुटांपर्यंत जाईल, असा अंदाज आला आणि त्यात दीड फूट इकडे-तिकडे होण्याचा संभव आहे. मधलाच आकडा वाचणारा म्हणेल, 43 ला अजून एक फूट आहे, झोपा. सगळा अंदाज वाचणारा मात्र जाणेल, की पाणी साडेत्रेचाळीसवरही जाऊ शकते, आणि जनावरे आजच सोडील. 2019 च्या ऑगस्टात काय झाले, ते आपण जाणता. अनेक घरांतून 2005 च्या पुराची खूण हीच शेवटची रेघ धरली गेली होती आणि पाणी ती रेघ ओलांडून गेले. एकदा घेतलेले मोजमाप म्हणजे निसर्गाने लिहून दिलेला करारनामा नव्हे.

आपण म्हणतो, 'सोळा आणे खरे.' प्रयोगशाळेत असे कोणी म्हणू लागला, तर जाणता मनुष्य सावध होतो. 'इतके आहे आणि इतके चुकू शकते' असे सांगणारा दुबळा नसतो. तो आपल्या हाती निर्णयाचे पुरते साधन देतो. तेव्हा कोणीही आकडा पुढे केला, की तीन गोष्टी विचाराव्या : माप कोणते, शून्य कोठले आणि चूक किती? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यावर विश्वास ठेवावा, आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या घराचा उंबरा बंधाऱ्यावरील पट्टीच्या कितव्या फुटाला येतो, हेही प्रत्येकाने एकदा काढून ठेवावे.