कृषिदूत गावातून परतल्यावर

(गणपतीपुळे येथे कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपतीपुळ्याला आलेला भाविक दर्शन आटोपले की आमसुले, कोकमाचे आगळ, आंबापोळी, फणसपोळी पिशवीत भरून घरी नेतो. त्या पिशवीतील प्रत्येक जिनसामागे कोठेतरी एक झाड उभे आहे, आणि त्या झाडाला पदवीच्या वेळापत्रकाची पर्वा नाही. कृषी विद्यार्थ्यांच्या मंडळांचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले. ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ या आंब्याच्या जाती हे त्याचेच देणे. कृषी पदवीचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी काही महिने खेड्यात जातात. ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ ही नावे आता गावोगावी परिचित आहेत. रांगोळीने गावाचा नकाशा रेखाटला जातो, बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक होते, मातीचे नमुने घेतले जातात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. छायाचित्राला हरकत नसावी. मात्र ते छापून आले म्हणजे काम संपले, या समजुतीला जरूर हरकत आहे.

जुन्या हापूस बागेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. चाळीस-पन्नास वर्षांची झाडे उंच वाढतात, फांद्या एकमेकींत शिरतात, ऊन आत पोहोचत नाही, फवारणी शेंड्यापर्यंत जात नाही आणि उत्पन्न घटते. पुनरुज्जीवनासाठी पावसाळा सरल्यावर मोठ्या फांद्या छाटतात, कापांना बोर्डो पेस्ट लावतात, नव्या फुटव्यांची विरळणी करतात. खरी जोखीम पुढेच असते. छाटलेल्या झाडावर खोडकिडा तुटून पडतो, आणि फळ धरायला साधारण तिसरे वर्ष उजाडते. तोवर बागायतदाराला त्या झाडापासून उत्पन्न नाही. ज्यांनी छाटणी सुचवली, ते विद्यार्थी तेव्हा पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागलेले असतात. त्या बागायतदाराने शंका विचारावी कोणाला?

कोकमाचीही तीच गत. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी. बीपासून लावलेल्या रोपांत निम्मी नर निघू शकतात आणि ते कळते फुलोरा आल्यावर, म्हणजे कित्येक वर्षांनी. मादी झाडाचे कलम लावले तर ही फसगत टळते. एका तुकडीने हे सांगून भागत नाही. कलम जगले का, हे पाहायला पुढच्या तुकडीने जावे लागते.

म्हणून मंडळाला अध्यक्ष आणि स्नेहसंमेलन यांच्याआधी एक वही हवी. कोणत्या बागेत किती झाडे छाटली, केव्हा छाटली, खोडकिडा कधी दिसला, खर्च किती आला, पहिले फळ कधी मिळाले, हे सारे तीत असावे. अमेरिकेत 1928 साली शेती शिकणाऱ्या शाळकरी मुलांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिचे सदस्य आपापल्या शेतीकामाची जमाखर्चासह नोंद ठेवतात. शाळेतील मुलांना जमते ते पदवीच्या विद्यार्थ्यांना अवघड नाही.

त्या वहीत बाजारही यावा. वाशीच्या व्यापाऱ्याकडून आलेली पट्टी शेतकऱ्याच्या ओटीवर बसून वाचावी. भाडे, हमाली, खोके, पेंढा वजा जाता पेटीमागे हाती काय उरले, हे त्याच्यासमोर मांडावे. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याचा वापर करण्यासाठी बागायतदाराला स्वतः नोंदणी करावी लागते. तो अर्ज भरून देणे हेही मंडळाचेच काम. कृषी व्यवसाय या विषयाचा याहून चांगला तास वर्गात होणार नाही.

वही एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवायची ती सभागृहात नव्हे, बागेत, मालकाच्या समक्ष. आणि सोपवायची पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे. येत्या ऑक्टोबरात छाटलेले झाड फळावर येईल, तेव्हा तो अंतिम वर्षाला असेल.