जाहिरात नसलेली घरं

कोथरूड असो वा विलेपार्ले, घर शोधणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते: ‘आम्हाला हव्या त्या गल्लीत विकायला काही नाहीच.’ जाहिरातीत नसेल. पण ज्यांच्या मालकांच्या मनात विकायचं घोळतंय, अशी घरं त्याच गल्लीत असतात. ती हुडकून काढणं हेच एजंटचं खरं काम, असं मी मानतो.

त्याचा पहिला ठेवा म्हणजे भाडेकरारांच्या फायली. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकाला फोन करावाच लागतो. मालक न्यू जर्सीला, आईवडील राहिले नाहीत, खालच्या मजल्यावरून बाथरूम गळत असल्याची तक्रार, मेंटेनन्स थकलेला. अशा वेळी ‘पुन्हा भाड्यानं द्यायचं, की विकायचा विचार आहे?’ एवढं विचारलं तरी माणूस मोकळं बोलतो. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की आणखी काही दारं उघडतात. पंचाहत्तरीला सामान बांधून भाड्याच्या घरात जायचं आणि नवी इमारत होईपर्यंत थांबायचं, हे सगळ्यांना झेपत नाही.

वॉचमन आणि इस्त्रीवाल्याला बंद घरं ठाऊक असतात. पण त्यांच्याकडून कळलं म्हणून दुःखाच्या घरी दिवसकार्य व्हायच्या आत फोन करणाऱ्या एजंटला मी दारात उभं करणार नाही. आणि एकट्या आजींना त्यांच्याच इमारतीतले ताजे व्यवहार कितीला झाले, हे नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमधून काढून दाखवलंच पाहिजे.

घर घेणाऱ्यांनीही एजंटला नेमकं सांगावं: लिफ्ट नसेल तर पहिलाच मजला, शाळा चालत जाण्याजोगी, कर्ज बँकेनं मंजूर केलेलं. ‘गिऱ्हाईक आहे’ म्हटल्यावर मालक हलत नाही. असं कुटुंब समोर आलं की विचार करतो.

जाहिरात नसलेल्या घराची कागदपत्रं मात्र दुप्पट काळजीनं बघा. नॉमिनी म्हणून नाव लागलं की मालकी मिळाली, असं होत नाही. इतर वारस असतील तर त्यांच्या सह्या हव्यात. विकणारा भारतातला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापायचा असतो. अनिवासी मालकाला हा एक टक्क्याचा नियम लागू नाही, तिथं कपात बरीच जास्त असते. म्हणून टोकन देण्याआधीच सीएला विचारा.